कोर्टाची पायरी आणि बाबासाहेब

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. आम्हीही ती लहानपणापासून ऐकत आलो. पण जरा विचार केला म्हणजे लक्षात येतं, की ही म्हण ज्यांच्याजवळ शेतवाडी होती, विहीर होती, गावकीत मान होता, त्यांची आहे. घरचं भांडण घरात मिटवायची सोय त्यांना होती. ज्याला गावच्या पंचांनी उंबऱ्याबाहेर उभं केलं, ज्याच्या तोंडाला पाणीसुद्धा वरून ओतायचं, त्याने दाद मागायची कुठे? त्याला दुसरी जागाच नव्हती. ती एक पायरी होती, आणि तीही त्याला चढू देत नव्हते.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं चरित्र आपण दर जयंतीला ऐकतो. शिक्षण, सत्याग्रह, घटना, धम्मदीक्षा हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पण बाबासाहेब हे बॅरिस्टर होते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका दाव्यात ते स्वतः पहिल्या नंबरचे प्रतिवादी होते, हे आमच्या नव्या पिढीतल्या किती मुलांना माहीत आहे? आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत बाबासाहेबांच्या आयुष्याचा हाच एक धागा आम्ही धरला आहे. गरिबाचा अर्ज, गरिबाचं पत्र न्यायाधीशाच्या टेबलापर्यंत पोचावं म्हणून या माणसाने काय केलं, एवढंच सांगायचं आहे.

अर्ज लिहिणाऱ्यांची माती

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ, आई भीमाबाई. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. म्हणजे आपल्या सावित्रीच्या खाडीच्या पलीकडचं. या पट्ट्यात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले पुष्कळ लोक होते. त्यांना लिहिता-वाचता येत होतं. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. पलटणीत आपल्या लोकांची भरती बंद झाली तेव्हा त्यांनी १८९० च्या दशकात सरकारकडे सविस्तर विनंतीपत्र तयार केलं. तेव्हा अर्ज लिहिणं, दाद मागणं ही रीत आपल्या मातीत बाबासाहेबांच्या आधीपासून होती. त्या अर्जांना कायद्याचं बळ मात्र नव्हतं. साहेबाच्या मर्जीवर सगळं अवलंबून. मर्जी असली तर वाचायचा, नाही तर टोपलीत.

पुढचं शिक्षण आपण जाणतोच. १९०७ साली मॅट्रिक, एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., मग बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीने १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ. १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राबरोबर ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठीही नाव घातलं. पैसे संपले, बडोद्याच्या नोकरीचा करार होता, म्हणून १९१७ ला परत यावं लागलं. बडोद्यात काय झालं ते सांगायला नको. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला खोली मिळेना. पुन्हा पैसे जमवून ते १९२० साली लंडनला गेले, १९२२ ला बॅरिस्टर झाले आणि १९२३ ला डी.एस्सी. ही पदवी घेतली.

अर्थशास्त्रातला एवढा मोठा पंडित वकिलीत का पडला, असा प्रश्न आमच्या मनात नेहमी येई. आम्हाला त्याचं उत्तर असं वाटतं, की नोकरीत वरचा साहेब असतो आणि त्याची जात असते. बॅरिस्टराला कोणी साहेब नसतो. कोर्टात उभं राहून तो न्यायाधीशाला कायदा सांगू शकतो, आणि न्यायाधीशाला तो ऐकून घ्यावा लागतो.

परळचा बॅरिस्टर

१९२३ च्या जुलै महिन्यात त्यांनी मुंबई हायकोर्टात सनद घेतली. पैशाची अडचण होतीच. नवल भथेना नावाच्या पारशी मित्राने त्या काळात त्यांना हात दिला. सनद मिळाली तरी काम मिळेना. हायकोर्टात बॅरिस्टराकडे काम येतं ते सॉलिसिटराकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टराला काम द्यायला ते तयार नव्हते. मग खालच्या कोर्टांतून, जिल्ह्या-जिल्ह्यातून जे खटले मिळतील ते घ्यायचे, जोडीला शिकवणी करायची, असा संसार चालला. राहणं परळला पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्यांत. बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी दामोदर हॉलला. आम्ही गिरणीत काम केलेली माणसं, आम्हाला ती चाळ आणि तो हॉल परका नाही. गिरणगावातला बिगारी, झाडूवाला, गावाहून आलेला कूळ यांची कागदं तिथे येत आणि पुष्कळदा फीचा प्रश्नच निघत नसे.

१९२६ साली पुण्यात एक मोठा खटला गाजला. देशाचे दुश्मन या पुस्तकावरून केशवराव बागडे, केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर वगैरे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर बदनामीची फिर्याद होती आणि खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. त्यानंतर बॅरिस्टर आंबेडकर हे नाव लोकांच्या तोंडी झालं. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं, तो कायद्याच्या कॉलेजच्या खुर्चीवर बसला.

चवदार तळ्याचा दावा

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. त्या वेळी याला कुलाबा जिल्हा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली आलं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला. सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा तो ठराव. त्या यादीत कचेऱ्या आणि कोर्टंही होती, हे लक्षात घ्या. कोर्टाचं दार उघडं करण्यासाठी ठराव करावा लागतो, याचा अर्थ ते दार आपल्याला बंद होतं. महाड म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. पाण्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखी माणसं झटत होती. २० मार्चला बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. मागोमाग हजारो लोक प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी खोटी आवई उठली आणि लाठ्याकाठ्या घेऊन आपल्या लोकांवर हल्ला झाला. आपल्यात पलटणीतले पेन्शनर होते, मनगटात जोर होता. उलट हात उगारला असता तर रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी हात उगारू दिला नाही. फिर्याद नोंदवली, आणि १९२७ च्या जूनमध्ये हल्लेखोरांपैकी काही जणांना सक्तमजुरीची शिक्षा झाली.

पण पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं. ४ ऑगस्ट १९२७ ला म्युनिसिपालिटीने आपला जुना ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा महाडच्या सवर्ण मंडळींनी लाठी बाजूला ठेवून कोर्ट गाठलं. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. नंबर ४०५. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे मनाई करण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रतिवादी नंबर एक, भीमराव रामजी आंबेडकर. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, कोर्टाने तात्पुरती मनाई दिली.

मोटारवाले गाड्या देईनात, म्हणून बाबासाहेब मंडळींना घेऊन मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला दासगाव बंदराला उतरले. हजारो लोक जमले होते. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने परिषदेला जागा दिली होती. त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते, तळं हाकेवर होतं. आणि हातात कोर्टाचा मनाई हुकूम!

त्या दिवशी बाबासाहेबांनी जो निर्णय घेतला तो आजही काहींना उमगत नाही. त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. २७ तारखेला शिस्तीत मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून परत आली, पाण्याला कोणी शिवलं नाही. लोकांना हळहळ वाटली. पण बाबासाहेबांचा हिशेब सरळ होता. भांडण सनातन्यांशी होतं. हुकूम मोडला असता तर ते सरकारशी आणि कोर्टाशी झालं असतं, आणि सनातनी बाजूला बसून मजा बघत राहिले असते. शिवाय ज्या कोर्टाकडून उद्या आपल्याला न्याय घ्यायचा आहे त्याचा हुकूम आज आपणच मोडला, तर उद्या आपल्या बाजूने लागलेला निकाल दुसऱ्याने का पाळावा?

मग सुरू झाली कागदाची लढाई. २३ फेब्रुवारी १९२८ ला तात्पुरती मनाई उठली. साक्षी झाल्या, म्युनिसिपालिटीची दप्तरं निघाली. ८ जून १९३१ ला महाड कोर्टाने वादींचा दावा काढून टाकला. ते अपिलात ठाण्याच्या जिल्हा कोर्टात गेले. ३० जानेवारी १९३३ ला तिथेही हरले. मग हायकोर्ट. दरम्यान बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले, पुणे करार झाला, नाशिकचा सत्याग्रह चालला, पण हा दावा त्यांनी सोडला नाही. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या अपिलाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात लागला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी वादींचं अपील फेटाळलं. तळं म्युनिसिपालिटीचं ठरलं आणि अनादि काळाची वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही.

पाणी प्यायल्यापासून निकाल लागेपर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी. एवढा काळ तीन-तीन कोर्टांत टिकून राहणं साध्या माणसाला परवडलं असतं का? बाबासाहेब बॅरिस्टर होते म्हणून टिकले. ही गोष्ट त्यांनी मनात ठेवली असणार, असं आम्हाला त्यांचं पुढचं काम पाहून वाटतं.

खोताच्या वहीतला कूळ

याच काळात अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप चालू होता. १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पडीक राहिल्या, पण कुळं हटली नाहीत. आगरी, कुणबी, महार सगळे त्यात भरडलेले. १९३४ साली बाबासाहेब चरीला येऊन गेले. खोताजवळ वही होती, कुळाजवळ साधी पावतीसुद्धा नव्हती. कोर्टात वही बोलते, कूळ बोलत नाही. मग कायदाच बदलला पाहिजे, म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. बिल त्या वेळी पास झालं नाही. पण महार आणि कुणबी एका मोर्चात चालले, ही गोष्ट लहान नव्हती. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला गिरणी कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यातही ते पुढे होते.

घटनेतलं दार

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटना आम्ही वाचायला घेतली तेव्हा आम्हाला तिच्यात जागोजागी महाड दिसलं. कलम १५ उघडून पाहा. सरकारी खर्चाने राखलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांवर जातीमुळे कोणालाही अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यताच गेली. पण हक्क लिहून ठेवला म्हणजे मिळतो असं नाही. महाडच्या म्युनिसिपालिटीनेही ठराव लिहिलाच होता!

म्हणून कलम ३२ आहे. मूलभूत हक्क मोडला तर कोणाही माणसाला सरळ सुप्रीम कोर्टात जाता येतं, आणि हे जाणं हासुद्धा मूलभूत हक्कच आहे. हायकोर्टासाठी तसंच कलम २२६. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत या विषयावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी सगळ्या घटनेत याच कलमाला सर्वात वरचं स्थान दिलं. हे काढलं तर बाकीची घटना व्यर्थ, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. ज्याने एका तळ्यासाठी दहा वर्षं कोर्टाच्या वाऱ्या केल्या, त्यालाच हे कळणार.

दुसरं कलम २२. पोलिसांनी धरलं तर कारण सांगायला हवं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला हवं, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाशी सल्लामसलत करू द्यायला हवी. हे पहिल्या मसुद्यात नव्हतं. माणसाच्या स्वातंत्र्याचं कलम लंगडं राहिलं अशी टीका झाली, तेव्हा १९४९ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी स्वतः ही भर घातली.

पुढे ते कायदामंत्री राहिले, हिंदू कोड बिलावरून १९५१ ला राजीनामा दिला, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

तुरुंगातलं पत्र

बाबासाहेब गेले, पण त्यांनी बसवलेलं दार उघडं राहिलं. घटनेत कैद्याच्या पत्राबद्दल वेगळं कलम नाही. पण या कलमांच्या जोरावर कोर्टांनी ते पत्र जपलं. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. अणूवर मराठीत त्यांनी पुस्तक लिहिलं आणि ते छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या म्हणाले. सरकारने नकार दिला. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोठडीत टाकलं म्हणून माणसाचे सगळे हक्क कोठडीत जात नाहीत, हा त्याचा अर्थ.

१९७८ च्या होस्कोट खटल्यात प्रश्न अगदी आपल्या विषयाचा होता. हायकोर्टाने निकालाची नक्कल येरवडा तुरुंगाकडे पाठवली होती. कैदी म्हणाला, मला मिळालीच नाही. आणि मिळाल्याची त्याची सहीही दप्तरात नव्हती. आता निकालच हातात नाही तर अपील कशाच्या जोरावर करायचं? सुप्रीम कोर्टाने त्याला शिक्षेत सूट दिली नाही, पण नियम घालून दिला. निकालाची नक्कल फुकट द्या, कैद्याच्या हातात पडल्याची सही घ्या, अपिलाची सोय करा, आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्या. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच कोर्टाने अर्ज मानलं. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवा, नेमलेल्या वकिलांना कैद्यांशी गुप्तपणे बोलू-लिहू द्या, असा हुकूम झाला. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या बायकांच्या संरक्षणाचे नियम झाले. गोपाळबाबांच्या काळात अर्ज साहेबाच्या मर्जीवर होता. आता साधं पत्र देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टाला कामाला लावतं. हा फरक घटनेने पाडला.

वकिलाला विश्वासाने सांगितलेलं किंवा लिहिलेलं बोलणं त्याला बाहेर फोडता येत नाही, हे जुन्या पुरावा कायद्यात होतं आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

आता आपण काय करायचं?

बंधू-भगिनींनो, हे सगळं असूनही २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशाच्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश कैदी निकाल न लागलेले आहेत. त्यांत गरिबांची, आपल्या समाजाची पोरं किती असतील हे सांगायला नको. दार उघडं आहे, पण दारापर्यंत माणूस पोचत नाही.

आमच्या वस्तीत आम्ही काय बघतो? कोर्टाचा बेलिफ आला की घरातली बाई म्हणते, मालक घरात नाहीत. पाकीट आलं की घ्यायचं नाही, घेतलं तर न वाचता पत्र्याच्या ट्रंकेत टाकायचं. म्हण डोक्यात बसलेली! समन्स नाकारलं तरी ते बजावलं असंच कोर्ट धरतं, तारखेला कोणी नसलं की एकतर्फी हुकूम होतो, आणि तो उठवायचा अर्ज साधारण तीस दिवसांत करावा लागतो. घर जातं, जमीन जाते, आणि मग आपण नशिबाला बोल लावतो.

म्हणून आमची कळकळीची विनंती. कोर्टाचं पाकीट घ्या, त्यावर तारीख लिहा, त्याच दिवशी जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची नक्कल आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, महिला, मुलं, कोठडीतली माणसं आणि औद्योगिक कामगार यांना वकील फुकट मिळतो, मग मिळकत कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याची कचेरी अलिबागला आहे. तिथे अर्ज करा. पोलिसांनी पोराला उचललं तर आरडाओरडा करण्याआधी वकील गाठा.

आमची सूचना अशी, की आपल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास कागदांसाठी ठेवावा. ज्याला जी नोटीस आली असेल ती त्याने आणावी, शिकलेल्या मुलामुलींनी ती वाचून समजावून सांगावी. चवदार तळ्याच्या पायऱ्या बाबासाहेब आपल्यासाठी उतरले आणि कोर्टाच्या पायऱ्याही आपल्यासाठीच चढले. पहिल्या पायऱ्यांना आपण दर वर्षी वंदन करतो. दुसऱ्याही आपल्याच आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!